‘ह्यूमन वेस्ट’: संथ चालीचा दणका

नमस्कार श्रोतेहो. आजचं संगीत घरातल्या वडीलधाऱ्यांना रुचेल याची खात्री मी देत नाही. यात गायक गुरगुरतो, ड्रम उसंत घेत नाहीत आणि गाण्यांची नावं स्मशानातून उचलून आणल्यासारखी असतात. याला डेथ मेटल म्हणतात. तरी लगेच स्टेशन बदलू नका, कारण मला बोलायचंय ते लयीबद्दल.

1991 साली अमेरिकेत ‘ह्यूमन वेस्ट’ नावाची सहा गाण्यांची छोटी रेकॉर्ड निघाली. बँड होता सफोकेशन, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा. गायला फ्रँक मुलन, गिटारवर टेरन्स हॉब्ज आणि डग सेरिटो, बेसवर जॉश बॅरन, ड्रमवर माइक स्मिथ. रेकॉर्ड काढणारी रिलॅप्स ही कंपनीही नवखीच, आदल्या वर्षी कोलोरॅडोत सुरू झालेली. अशा रेकॉर्डला ईपी म्हणतात. पूर्ण अल्बमइतकी गाणी नाहीत, तेवढा पैसाही नाही, पण हात शिवशिवतायत, अशा वेळी बँड ईपी काढतात.

तेव्हा डेथ मेटलची राजधानी होती फ्लोरिडातलं टँपा शहर. डेथ, मॉर्बिड एंजल, ओबिच्युअरी, डिसाइड हे सगळे बँड त्याच भागातले. तिथला मॉरिसाउंड स्टुडिओ आणि तिथे रेकॉर्डिंग करणारा निर्माता स्कॉट बर्न्स म्हणजे या संगीताचा ठरलेला पत्ता. न्यूयॉर्कच्या पोरांना टँपाच्या पुढे जायचं होतं, आणि पुढे जायचं म्हणजे तेव्हा सगळ्यांच्या मते एकच: आणखी जोरात, आणखी जलद.

जलद तर ते होतेच. माइक स्मिथचा ब्लास्ट बीट ऐका. यात पायाचा बास ड्रम आणि हाताचा कडक आवाजाचा स्नेअर ड्रम इतक्या वेगानं आलटून पालटून पडतात की ठोके सुटे मोजताच येत नाहीत. मुलनचा आवाजही नुसता घसा खरवडून काढलेला नाही. असा आवाज काढताना खऱ्या स्वररज्जूंच्या वर जे मांसल पडदे असतात त्यांनाही कंप दिला जातो, आणि खालून पोटाचा आधार लागतो. नीट न शिकता केलं तर आठवड्यात घसा बसतो. हौशी पोरांनी लिहून ठेवावं!

पण माझ्या मते या रेकॉर्डची खरी करामत वेगात नाही, तो मोडण्यात आहे. ‘इन्फेक्टिंग द क्रिप्ट्स’ घ्या. गाणं सुसाट चाललेलं असतं आणि मध्येच सगळा बँड एकदम जड पावलानं चालायला लागतो. गिटारवाला तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज आखूड, बोथट करतो. स्नेअर लांब अंतरानं पडतो. ड्रमरचे पाय मात्र दोन पेडलवर धावतच असतात. कानाला वाटतं लय अर्धी झाली, खाली हालचाल चालूच असते. आपल्या मिरवणुकीत ताशा तडतडत असतो आणि त्याखाली ढोलाचा ठोका सावकाश, छातीवर पडतो, काहीसा तोच हिशोब. नुसता ताशा चार मिनिटांत कंटाळवाणा होतो. ढोल नसेल तर कुणाचा पाय उचलत नाही.

आता या रेकॉर्डचं स्वागत कसं झालं? पहिली पावती लगेच मिळाली. रोडरनर या मोठ्या कंपनीनं बँडला घेतलं आणि त्याच वर्षी त्यांचा पहिला पूर्ण अल्बम आला, ‘एफिजी ऑफ द फरगॉटन’. तो मॉरिसाउंडलाच, बर्न्सच्या हाताखाली रेकॉर्ड झाला. ईपीतली तीन गाणी त्यात पुन्हा वाजवून घेतली. त्यामुळे ‘ह्यूमन वेस्ट’ची पंचाईत झाली. लोक तिला अल्बमचा कच्चा खर्डा समजायला लागले. ज्याची चर्चा व्हायची तो अल्बम, आणि त्या अल्बममध्येही आधी चर्चा व्हायची वेगाची.

वेगाचं पुढे काय झालं? त्याहून जलद बँड आले, मग त्याहूनही जलद. ती शर्यत कुणाच्या मालकीची राहिली नाही. ज्यांना मुलं-नातवंडं झाली ते हे जड, मोडलेले तुकडे. याच चालीवर पुढे स्लॅम नावाची अख्खी शाखा उभी राहिली. तिचे चाहते मूळपुरुष म्हणून बोट दाखवतात ते बहुतेक वेळा ‘एफिजी’मधल्या ‘लीज ऑफ इनव्हेरॅसिटी’कडे. बोट चुकीचं नाही, पण बी पेरलं ईपीनं, आणि तिला त्याचं श्रेय फार उशिरा मिळालं.

बँडलाही ही गाणी सोडवत नव्हती. ‘सिंथेटिकली रिव्हाइव्हड’ त्यांनी 1995 च्या अल्बमसाठी पुन्हा वाजवलं, ‘कॅटाटोनिया’ 1998 साली. एवढं करूनही कच्च्या ध्वनीवर जीव असणारे लोक अजून मूळ ईपीच वाजवतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, आणि मला घालायचाही नाही.

मुंबईचं या संगीताशी नातं जुनं आहे. धोबी तलावच्या रंगभवनात 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक हे रॉक संगीताचं संमेलन भरायचं. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमानं तिथल्या मैफली थांबल्या. शेजारी कॉलेज, हॉस्पिटल. नियमाला नावं ठेवता येत नाहीत, पण पोरांचं हक्काचं मैदान गेलं ते गेलंच. तरी 2007 साली याच शहरात गटस्लिट उभा राहिला. ब्रूटल डेथ मेटल वाजवणाऱ्या या बँडचा पहिला अल्बम 2013 साली आला आणि पुढे त्यांनी युरोपात दौरे केले. त्यांचं एखादं गाणं लावा आणि वेग कुठे मोडतो याकडे कान ठेवा. लाँग आयलंडची ती चाल लोकल पकडून इथवर आलेली ऐकू येईल.

आज रात्री ऐकायचंच असेल तर एक विनंती. मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर ऐकू नका. त्यातून खालचे स्वर येतच नाहीत, आणि या संगीतातून खालचे स्वर काढले तर उरतो तो मिक्सरचा आवाज. बरे हेडफोन घ्या. आधी ‘ह्यूमन वेस्ट’मधलं ‘इन्फेक्टिंग द क्रिप्ट्स’ ऐका, लगेच पाठोपाठ ‘एफिजी’मधलं. दुसरं जास्त घोटीव, जास्त नेमकं आहे. माझं मत विचाराल तर मी पहिल्याच्या बाजूचा, कारण त्यात तो जड भाग येतो तेव्हा वाजवणाऱ्यांनाही तो नुकताच सापडला असावा असं वाटतं. तुम्हाला दुसरं आवडलं तर कार्यक्रमाच्या पत्त्यावर जरूर कळवा. नमस्कार.