त्यात काय शोधायचं राहिलंय?

नमस्कार मंडळी, आज जरा रिसर्चबद्दल बोलूया. हा शब्द ऐकला की डोळ्यासमोर पांढरा कोट नि मायक्रोस्कोप येतो, आणि एखादी मुलगी म्हणाली की मी संस्कृतमध्ये पीएचडी करतेय तर घरातलेच विचारतात, त्यात काय शोधायचं राहिलंय? मला हा प्रश्न फार लागतो.

दामोदर धर्मानंद कोसंबी घ्या. जन्म गोव्यातला, १९०७ चा. गणिताचे प्रोफेसर, आधी पुण्यात फर्ग्युसनला, नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर). १९४४ च्या सुमारास त्यांनी क्रोमोसोमवरच्या जीन्समधलं अंतर काढायचं सूत्र मांडलं, जेनेटिक्सवाले आजही ते कोसंबींच्याच नावाने वापरतात. याच माणसाने हस्तलिखितं ताडून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे मूळ पाठ कुठला असावा ते ठरवून छापलेली आवृत्ती काढली, आणि हाच माणूस तराजू घेऊन तक्षशिलेची चांदीची आहत, म्हणजे ठसे मारलेली, जुनी नाणी तोलत बसला. कशाला? तर नाणं हातोहात फिरलं की झिजतं, किती ते डोळ्याला दिसत नाही, पण ढीगभर नाणी तोलून सरासरी काढली की दिसतं. मागच्या बाजूला ठसे जितके जास्त तितकं वजन कमी, म्हणजे जास्त ठशांचं नाणं जास्त वर्षं फिरलेलं, आणि त्यावरून कुठला गट जुना नि कुठला नवा याचा अंदाज बांधता येतो. खात्रीसाठी त्यांनी स्वतःच्या काळातली, बाजारात फिरणारी नाणीसुद्धा तोलून बघितली! आता हे गणित की इतिहास, सांगा बघू.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ला सुरू झाली नि १९६६ ला पुरी झाली. तिचे संपादक वि. स. सुखटणकर केंब्रिजला गणित शिकलेले. एकेक श्लोक मोठ्या कागदावर चौकटींमध्ये लिहायचा, खाली प्रत्येक पोथीतला फरक अक्षर नि अक्षर नोंदवायचा, पोथ्या पण शारदा, बंगाली, तेलुगू, मल्याळम अशा कुठल्या कुठल्या लिप्यांमधल्या, त्यामुळे त्या त्या लिपीचे जाणकार हाताशी लागायचे.

आणि मेडिसिनचं म्हणाल तर आपल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात लाल विंचू चावला की घाम फुटायचा, हातपाय गार पडायचे, फुप्फुसात पाणी भरून धडधाकट माणूस, लहान पोर हातचं जायचं. डॉक्टर रात्र रात्र पेशंटजवळ बसून बीपी, नाडी लिहीत राहिले, त्यातून त्यांना कळलं की विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात नि हार्टवर ताण येतो, मग त्यांनी प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी दिली आणि पेशंट वाचायला लागले. हे काम लॅन्सेट या जगातल्या नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. मोठी लॅब नव्हती हो, तालुक्याचं गाव होतं ते.

पुण्यात डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं, म्हणजे भल्यामोठ्या शब्दकोशाचं काम १९४८ पासून चाललंय. दीड हजारांच्या आसपास ग्रंथांमधून शब्द टिपून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्यात, प्रत्येक चिठ्ठीवर शब्द कुठल्या ग्रंथात कसा आलाय ते, आणि छापलेले इतके खंड होऊनही अजून ‘अ’ च चाललाय. लोक याला हसतात, मला मात्र त्या संपादकांचा अभिमान वाटतो, कारण एकेका शब्दाचा हजारो वर्षांचा प्रवास घाईघाईत लिहून भागत नाही. पुढच्या वेळी कुणी शब्दांवर पीएचडी करतेय म्हणाली तर नेमका कुठला शब्द ते विचारा आणि पाच मिनिटं ऐकून घ्या.