मेल येतात, पण जात नाहीत

मित्रहो, "मेल येतायत, म्हणजे नेट चालू आहे आणि पासवर्डही बरोबर आहे. मग जात का नाहीत?" असं मला नेहमी विचारलं जातं. हा निष्कर्ष घाईचा आहे. थंडरबर्डसारख्या मेल वाचण्या-पाठवण्याच्या प्रोग्रॅममध्ये येणारा मेल आयमॅप (मेल आणण्याची पद्धत) सर्व्हरवरून येतो, बहुधा ९९३ पोर्टवरून, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारातून. जाणारा मेल एसएमटीपी (मेल पाठवण्याची पद्धत) सर्व्हरकडे सोपवावा लागतो. त्याचा पोर्ट वेगळा, सेटिंग वेगळं, आणि जतन केलेल्या पासवर्डची नोंदसुद्धा वेगळी. एक सुरळीत चालू असताना दुसरं बंद पडू शकतं.

म्हणून पहिली विनंती: एररची चौकट वाचल्याशिवाय बंद करू नका. मोबाइलवर तिचा फोटो काढा. त्यात तीन आकडी क्रमांक असेल, तर तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचला आहात आणि त्याने उत्तर दिलंय. चारने सुरू होणारा क्रमांक असेल तर नकार तात्पुरता. थोड्या वेळाने पुन्हा पाठवून बघा. पाचने सुरू झाला तर काहीतरी बदलल्याशिवाय मेल जाणार नाही. ५५२ आला तर बहुधा मेल आकाराने मोठा आहे. जोडलेली फाइल पाठवताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे २० एमबीची मर्यादा असलेल्या सर्व्हरवर १६ एमबीची फाइलही अडू शकते.

५३५ म्हणजे सर्व्हरने तुमची ओळख मान्य केली नाही. १९८२ साली संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या मूळ एसएमटीपीत पासवर्ड विचारण्याची सोयच नव्हती. पुढे स्पॅम वाढला आणि दारं एकेक करून बंद झाली. जीमेलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये नेहमीचा पासवर्ड चालवणं थांबवायला सुरुवात केली. अशा वेळी आयमॅपला 'ओऑथ२' (प्रोग्रॅमला पासवर्ड न देता थेट जीमेलच्या पानावर लॉगिन करण्याची पद्धत) निवडलं जातं आणि एसएमटीपीचं सेटिंग जुनंच राहून जातं. थंडरबर्डमध्ये खात्यांच्या सेटिंगमध्ये डावीकडच्या यादीत अगदी खाली आउटगोइंग सर्व्हर असतो. तिथेही ओऑथ२ निवडा. जुन्या प्रोग्रॅममध्ये ही सोय नसेल, तर दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड (फक्त त्या प्रोग्रॅमसाठीचा वेगळा पासवर्ड) घ्यावा लागतो.

क्रमांकच नाही, बराच वेळ चाक फिरतं आणि 'टाइम आउट' येतं? मग पोर्ट बघा. पंचवीस असेल तर तो बदला. स्पॅम रोखण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्या तो बंद ठेवतात. जोडणी सुरक्षित करण्याच्या सेटिंगमध्ये ५८७ बरोबर स्टार्टटीएलएस, ४६५ बरोबर एसएसएल/टीएलएस निवडा. या जोड्यांची अदलाबदल झाली तरी मेल अडतो. तरीही जात नसेल, तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तोच मेल पाठवा. गेला, तर दोष तुमच्या नेटवर्कमध्ये किंवा तिथल्या फायरवॉलमध्ये (ये-जा अडवणाऱ्या सुरक्षा यंत्रणेत) शोधायचा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. वैतागून खातं काढून पुन्हा टाकू नका. आयमॅपऐवजी पॉप पद्धत (मेल संगणकावर उतरवून घेणारी) वापरणाऱ्यांचे जुने मेल कित्येकदा फक्त त्यांच्या संगणकावरच असतात. खात्याबरोबर तेही पुसले गेले, तर कुठून आणणार?

आणि 'सेंट फोल्डरमध्ये प्रत ठेवता आली नाही' असा संदेश आला, तर मेल बहुधा गेलेला असतो. अडलेली असते ती फक्त प्रत. पुन्हा पुन्हा 'पाठवा' दाबलं तर समोरच्याकडे तोच मेल तीनदा पोचतो. अशा वेळी आधी त्यांना फोन करून विचारा.