साकवाचं उत्तर आलं

श्रोतेहो, नमस्कार. तुमची आमदार, अधिवेशनासाठी आलेल्या नागपुरातून बोलते आहे. आधी बातमी सांगते, मग बाकीचं. आपल्या वहाळावरच्या साकवाचं, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाचं, उत्तर आलं. बुधवारी, प्रश्नोत्तराच्या तासात, भर सभागृहात.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगते. जुलैमध्ये मला एका काकींचं पत्र आलं होतं, वहीच्या पानावर लिहिलेलं. वाडी आणि शाळा यांच्यामध्ये वहाळ आहे. त्यावरचा साकव दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेला. तेव्हापासून तिथे दोन पोफळी, म्हणजे सुपारीच्या झाडांची खोडं, आडव्या टाकल्या आहेत आणि पावसाचा जोर असला की मुलं तीन-तीन, चार-चार दिवस घरी बसतात. पैसे मंजूर झाल्याचं वाडीला दोनदा सांगण्यात आलं होतं. तिसऱ्यांदा तेवढंच सांगायला येऊ नका, असं काकींनी शेवटी लिहिलं होतं. पत्र वाचून मी जागेवर गेले. त्या दिवशी उघडीप होती, तरी पोफळीवरून जाताना मला एका मुलीचा हात धरावा लागला. ती सहावीत आहे. तिला त्याची सवय झालेली होती, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते तेच.

आता हे पत्र विधानसभेत पोचतं कसं, ते सांगते. सभागृहात उभं राहून मनाला येईल तसं बोलता येत नाही. प्रश्न आधी लेखी द्यावा लागतो, अधिवेशन सुरू होण्याच्या बरेच दिवस आधी, आणि त्याला एक ठरलेला साचा असतो. अमुक गावातील साकव वाहून गेला, हे खरे आहे काय? असल्यास, विद्यार्थ्यांना जीव मुठीत धरून वहाळ ओलांडावा लागतो, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने याबाबत चौकशी केली आहे काय व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

ऐकायला ही भाषा कोरडी वाटते. पहिल्यांदा निवडून आले तेव्हा मलाही वाटली होती. काकींच्या पत्रातला जीव यात कुठे आहे, असं मनात येई. आता मला त्या शेवटच्या ओळीची किंमत कळते. विलंबाची कारणे काय आहेत, एवढं विचारलं की मंत्रालयातून जिल्ह्याला विचारणा होते, जिल्ह्यातून तालुक्याला, आणि वर्षभर ज्या फाईलला कुणाचा हात लागलेला नसतो ती टेबलावर येते. कुणालातरी त्या वहाळावर जाऊन बघावं लागतं आणि लेखी काही द्यावं लागतं. अर्धं काम उत्तर येण्याआधीच होतं, ते असं.

छापील उत्तर हातात पडलं. पहिलाच शब्द होता, ‘अंशतः खरे आहे.’ प्रश्नांची यादी तुम्ही कधी चाळलीत तर हे शब्द तुम्हाला जागोजागी भेटतील. खरे आहे, हे खरे नाही, अंशतः खरे आहे, प्रश्न उद्भवत नाही. मला तो ‘अंशतः’ सहन झाला नाही. साकव एकतर आहे किंवा नाही. म्हणून मी उपप्रश्नाला, म्हणजे उत्तरावर तोंडी पुढचा प्रश्न विचारायला, उभी राहिले आणि एवढंच विचारलं की यातला कोणता अंश खरा नाही, तो सभागृहाला सांगावा. मग खरी गोष्ट बाहेर आली. कामाला प्रशासकीय मान्यता होती. अंदाजपत्रकही झालं होतं. पण तरतूद होती ती टोकन, म्हणजे काम यादीत राहावं एवढ्यापुरती, आणि त्या रकमेत निविदा निघू शकत नव्हती. म्हणजे मंजूर झालंय असं वाडीला सांगणारे खोटं बोलत नव्हते, आणि वाडीची फसवणूक झाली हेही तितकंच खरं होतं. मंत्रिमहोदयांनी त्यानंतर सांगितलं की येत्या पावसाळ्याआधी काम सुरू करू.

त्यांच्या तोंडून आलेला ‘करू’ हा शब्द मला हवा होता. सभागृहात बोललेला प्रत्येक शब्द प्रतिवेदक उतरून घेतात आणि तो कामकाजात छापला जातो. मंत्र्यांनी तिथे ‘करू’ म्हटलं की ते आश्वासन होतं. दिलेल्या आश्वासनांचं पुढे काय झालं हे बघायला विधिमंडळाची स्वतंत्र आश्वासन समिती आहे. आश्वासन पुरं झालं नाही तर ही समिती खात्याच्या सचिवांना साक्षीला बोलावून विचारू शकते. टीव्हीवर या समितीच्या बैठका कधी दिसत नाहीत. माझ्या मते विधिमंडळातलं सगळ्यात मोलाचं काम अशाच बंद खोल्यांत, चहाच्या कपांमध्ये आणि फाईलींच्या गठ्ठ्यांत होतं. त्या दिवशीच्या कामकाजाचं पान मी मागवलं आहे. एक प्रत ग्रामपंचायतीत देणार आहे, एक शाळेत, आणि एक काकींना.

पैशाचं बोलायलाच हवं, कारण घोडं तिथेच अडलं होतं. राज्याच्या एकत्रित निधीतून विधिमंडळाच्या मंजुरीवाचून एक रुपयाही काढता येत नाही, हे संविधानानं बांधून दिलं आहे. मार्चमध्ये अर्थसंकल्प होतो. वर्षाच्या मध्यात जे कमी पडतं किंवा नव्यानं निघतं, त्यासाठी सरकार पुरवणी मागण्या घेऊन येतं. या आठवड्यात त्या मांडल्या गेल्या. ते जाड पुस्तक मी दोन रात्री बसून वाचलं. तिथे गावांची नावं क्वचित सापडतात. असतात ती लेखाशीर्षं, म्हणजे खर्चाच्या प्रत्येक बाबीचे क्रमांक, आकड्यांच्या लांबलचक ओळी. आपलं काम कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे हे ठाऊक नसेल तर आमदारानं कितीही मोठ्यानं भाषण केलं तरी ते वाऱ्यावर जातं. आपल्या साकवाचं लेखाशीर्ष आता माझ्या वहीत लिहिलेलं आहे. पुढच्या आठवड्यात मागण्यांवर चर्चा आणि मतदान आहे, मग विनियोजन विधेयक, म्हणजे मंजूर झालेला पैसा निधीतून काढायला परवानगी देणारं विधेयक. मी बोलणार आहे ती टोकन तरतुदींच्या पद्धतीवरच. आपल्या एका वहाळापुरतं हे दुखणं नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या किती वाड्या अशा ‘मंजूर’ साकवांची वाट बघत आहेत, हे माझ्याकडे आलेल्या पत्रांवरूनच मला दिसतं आहे.

टीव्हीवर तुम्ही गोंधळ पाहिलात, घोषणा पाहिल्यात, सभागृह तहकूब झाल्याचं पाहिलंत. तेही खरं आहे. विरोध करण्याचा हक्क मला मोलाचा वाटतो, विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणा द्यायला मीही उभी राहिलेली आहे. पण प्रश्नोत्तराचा तास वाया गेला की मला पोटातून दुःख होतं. त्या तासात ज्यांची पाळी येत नाही त्यांना छापील उत्तर मिळतं, मात्र उपप्रश्न विचारता येत नाही. बुधवारी तो तास बुडाला असता तर आपल्याला ‘अंशतः खरे आहे’ एवढ्यावरच परतावं लागलं असतं. सभागृहात आम्ही २८८ जण आहोत, आणि प्रत्येकाच्या पिशवीत अशी कुठल्यातरी काकींची पत्रं असतात. दोन्ही बाजूंच्या सहकाऱ्यांना मी हे सांगत असते, आणि इथेही सांगते.

आपल्याकडचे कितीतरी जण विचारतात की मुंबई सोडून एवढ्या लांब, नागपूरला, अधिवेशन कशाला? आपल्याला मुंबईच लांब, तर नागपूर म्हणजे राज्याचं दुसरं टोक. त्यामागेही एक दिलेला शब्द आहे. नागपूर हे जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचं शहर होतं. विदर्भ मराठी राज्यात यायचा तर हा मान सोडावा लागणार होता. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात असं ठरलं की सरकार वर्षातला काही काळ नागपूरला हलेल आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथे होईल. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी इथलं पहिलं अधिवेशन भरलं. कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, हिवाळी अधिवेशन मुंबईतच घ्यावं लागलं, तेव्हा विदर्भातल्या माणसांना ते किती लागलं होतं हे मी इथल्या सहकाऱ्यांकडून ऐकलं आहे. करणारी माणसं गेल्यावरही दिलेला शब्द पाळला जातो, हे आपल्या राज्यानं जपलेलं आहे. साकवाच्या शब्दाबद्दल माझी अपेक्षा याहून वेगळी नाही.

विधानभवनाच्या बाहेरही एक अधिवेशन चालू असतं, मोर्च्यांचं. यशवंत स्टेडियमच्या भागातून मोर्चे निघतात आणि विधानभवनाच्या अलीकडे पोलीस त्यांना अडवतात. मग शिष्टमंडळातले चार-पाच जण आत मंत्र्यांकडे जातात आणि बाकीचे थंडीत रस्त्यावर बसून राहतात. गुरुवारी आपल्या भागातल्या काही अंगणवाडीताई भेटल्या. दोन रात्री प्रवास करून आल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले, निवेदन घेतलं आणि त्यांच्यातल्या दोघींना बरोबर घेऊन आत गेले.

इथे बसलं की मला दरवेळी २३ नोव्हेंबर १९९४ आठवतो. त्या दिवशी गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे आला होता. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात, एवढं मागणं होतं. दिवसभर वाट बघून थकलेली, लेकरांना कडेवर घेतलेली ती माणसं होती. संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यांत बायका आणि मुलं मोठ्या संख्येनं होती. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. सीताबर्डीजवळ त्या गेलेल्या गोवारींचं स्मारक आहे. अधिवेशनाच्या पहिल्या सकाळी मी तिथे जाऊन उभी राहते. त्या ११४ जणांना त्या दिवशी निदान एवढं तरी हवं होतं, की आतल्या कुणीतरी बाहेर येऊन त्यांच्याशी बोलावं. म्हणून तुमच्यापैकी कुणी मोर्च्यात आलं असेल तर मला कळवा, मी बाहेर येईन. सभागृह चालू असेल तर संपल्यावर येईन, पण येईन.

कायद्यांबद्दल आज थोडक्यातच बोलते. या आठवड्यात काही विधेयकं मांडली गेली, चर्चा पुढच्या आठवड्यात आहे. विधेयकं घाईनं मंजूर होऊ नयेत असं माझं ठाम मत आहे, कारण चांगला कायदा पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा विचार धरून ठेवला. १९७७ मध्ये आपल्या विधिमंडळानं त्याचा कायदा केला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. देशाचा कायदा यायला २००५ उजाडलं. त्या योजनेसाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला होता. तुमच्यातल्या नोकरदारांच्या पगारातून आजही तो कापला जातो, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. शहरातल्या पगारदारानं गावातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचं, हे या सभागृहांनी ठरवलं. विधेयकावर बोलायला उभी राहते तेव्हा मला हे आठवावं लागतं.

आता तुमच्याकडून मला मदत हवी आहे. आंबा-काजूच्या फळपीक विम्यावर मी लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, दिली आहे. ती पुढच्या आठवड्यात कामकाजात येईल अशी आशा आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, या विम्यात बागेतलं नुकसान बघून भरपाई ठरत नाही. आपल्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रानं किती पाऊस, किती तापमान नोंदवलं, त्यावर ठरते. केंद्र खाली सपाटीला आणि बाग वर कातळावर असली तर दोन्हीकडचं हवामान सारखं नसतं, हे कुठलाही बागायतदार सांगेल. मंत्र्यांसमोर मला नुसतं ‘बागायतदारांचं म्हणणं आहे’ असं बोलून चालणार नाही. म्हणून गेल्या हंगामात अवेळी पाऊस कोणत्या तारखेला पडला, मोहोर कधी गळला, हे ज्यांनी वहीत किंवा कॅलेंडरवर लिहून ठेवलं असेल त्यांनी त्या पानाचा फोटो कार्यालयात सोमवारपर्यंत पोचवावा. ग्रामसेवकाकडे दिलात तरी चालेल, माझा माणूस तिथून घेईल. विम्याची पावती असेल तर तिचाही फोटो जोडा. अक्षर वाईट असलं तरी काही बिघडत नाही, तारीख तेवढी वाचता आली पाहिजे.

अधिवेशन संपलं की मी त्याच रात्री निघते आहे. त्यानंतरच्या शनिवारी सकाळी नऊला वहाळावर कनिष्ठ अभियंता येणार आहेत, साकवाची जागा पुन्हा मोजायला. जुना साकव होता तिथे नको, थोडा वरच्या अंगाला हवा, असं वाडीतल्या जुन्या माणसांचं म्हणणं आहे, कारण पुराचं पाणी खालच्या वळणावर आदळतं. ते म्हणणं मोजमाप होण्याआधी सांगायला हवं, नंतर अंदाजपत्रक बदलत नाही. तेव्हा ज्यांनी मोठे पूर पाहिले आहेत त्या सगळ्यांनी त्या सकाळी यावं, आणि पाणी कुठपर्यंत चढलं होतं त्या झाडावर आधीच चुन्याची खूण करून ठेवावी. काकी, तुम्हीही या. मी पोफळीच्या अलीकडे उभी असेन.