भिंत धरून जाणारी हवा (निवेदन, फायनल कट)

[काळ्या पाटावर उदबत्तीचा धूर, क्लोज-अप, 8 सेकंद आवाज नाही]

हा धूर बघा. उदबत्तीचा आहे, साधी मोगरा उदबत्ती. धूर वर जायला हवा ना, पण हा खाली वाकतोय, पाटाला चिकटतोय आणि पाट धरून पुढे पळतोय, जसं अंधारात आपण भिंत चाचपत जातो तसा. पाटाच्या डाव्या टोकाला 10 मिलिमीटरची एक फट आहे, त्यातून हवेचा झोत येतोय आणि उदबत्ती वर हातभर लांब धरलीये. म्हणजे धूर झोतात सोडलेला नाहीये, झोताने तो स्वतः ओढून घेतलाय.

ही ओढ लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कुठलाही जोराचा झोत आजूबाजूची शांत हवा गिळत जातो, सगळ्या बाजूंनी. पण एका बाजूला भिंत असेल तर तिकडून गिळायला हवाच नाही, मग तिथला दाब थोडा कमी होतो आणि दुसऱ्या बाजूचा नेहमीचा दाब झोताला भिंतीवर रेटतो. एकदा चिकटला की मग भिंत वळली तरी तोही तिच्याबरोबर वळतो, अर्थात एका मर्यादेपर्यंत.

[बाटली आणि मेणबत्ती]

हा प्रयोग घरी करता येईल असा. काचेची गोल बाटली, तिच्यामागे पेटती मेणबत्ती, आणि पुढून फुंकर. बाटली आडवी आलीये तरी मेणबत्ती विझली. फुंकर बाटलीच्या दोन्ही बाजूंनी वळून मागे गेली. इथे बऱ्याच व्हिडिओंमध्ये नळाखाली चमचा धरून दाखवतात, आम्हीपण शूट केला होता, मस्त दिसत होता, पण कापला. कारण पाणी चमच्याला धरून वळतं त्यात पाण्याच्या पृष्ठताणाचा हात मोठा असतो. हवेला पृष्ठताण नाही. दिसायला सारखं म्हणून कारण सारखं नसतं.

झोत असा भिंतीला चिकटून वळतो, याला कोआंडा इफेक्ट म्हणतात, हेन्री कोआंडा या रुमानियन इंजिनियरच्या नावाने, त्याचं फ्रान्समधलं पेटंट 1934 चं. त्याच्या 1910 च्या विमानाची एक गोष्ट सगळीकडे फिरते, ज्वाळा विमानाच्या अंगाला चिकटल्या वगैरे, त्यावर इतिहासवाले अजून भांडतात, आपण त्यात पडत नाही. पण इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने 1800 मध्येच लिहून ठेवलंय की फुंकणीतून येणाऱ्या हवेकडे मेणबत्तीची ज्योत ओढली जाते, आणि अडथळ्याजवळून जाणारी हवा वळते तीही बहुधा अशाच दाबामुळे. त्याच्याकडे काय होतं, फुंकणी आणि मेणबत्ती.

[वर्कशॉप, पत्रा कापताना, ठिणग्या]

आता झोत सोडायचं आणि मोजायचं हे यंत्र कसं झालं ते. यावर जास्त वेळ घालवणार आहोत, कंटाळा आला तर पुढे ढकला, पण माझ्या मते खरी मजा इथेच आहे.

ब्लोअर भट्टीचा, लोहाराकडे असतो तो, जुन्या बाजारातून आणला. तो हवा फेकतो पण गरगरत, घुसळत फेकतो, तशीच फटीतून सोडली तर मोजायचं काय? म्हणून मध्ये एक मोठी प्लायची पेटी. ब्लोअर थरथरतो, ती थरथर पेटीत जाऊ नये म्हणून दोघांच्या मध्ये रबर आहे, ट्रकच्या टायरची जुनी ट्यूब कापून. पेटीच्या आत सरबताच्या स्ट्रॉ, शेकडो, एकावर एक रचून चिकटवलेल्या, मधाच्या पोळ्यासारख्या. हवेची गरगर या स्ट्रॉमधून जाताना मोडते. मग पुढे मच्छरदाणीची जाळी, तीन पदर, एकमेकांपासून अंतर सोडून, म्हणजे कुठे जोर जास्त कुठे कमी असला तर तो सारखा होतो. आणि शेवटी तोंड, पत्र्याचं, हळूहळू अरुंद होत 10 मिलिमीटरवर येणारं.

हे तोंड वर्कशॉपच्या मामांनी केलंय. प्रयोग करणाऱ्या मुलांनी ड्रॉइंग दिलं होतं कॉम्प्युटरवर काढलेलं, मामांनी ते बघितलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि पत्र्याला हाताने बाक दिला. पहिलं तोंड मधे फुगलं, कारण आत दाब आला की पातळ पत्रा फुगतो आणि फट मधे 11 आणि कडेला 10 अशी होते. दुसऱ्याला त्यांनी वरून अँगल मारला. हा शॉट बघा, फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पट्टी, घालून ते फटीची पूर्ण लांबी तपासतायत, कुठे अडकतंय, कुठे सैल जातंय. चार मिनिटांचा शॉट होता, एडिटिंगमध्ये 20 सेकंद राहिले.

पाट म्हणजे प्लायवर काळा सनमायका. काळा एवढ्यासाठी की धूर दिसावा, आणि सनमायका कारण रंगवलेल्या प्लायचा खरखरीतपणा हवेला लगेच कळतो. फटीची खालची कड आणि पाट यांच्यात एक बारीक पायरी राहिली होती, बोट फिरवलं तर जेमतेम लागायची, ती एम-सीलने भरून घासली.

[सुई, मॅक्रो]

आणि ही सुई, झोतासमोर धरून हवेचा दाब आणि त्यावरून वेग मोजायची. इंजेक्शनची आहे, टोक कापून, घासून, मग पकडीने हलकेच चपटी केलेली. भिंतीलगत वेग एवढ्या झपाट्याने बदलतो की जाड नळी घातली तर ती दोन-तीन थरांची सरासरी सांगेल, म्हणून सुई चपटी. ती हाइट गेजवर, म्हणजे उंची मोजायच्या स्टँडवर बसवलीये, स्क्रू फिरवला की किंचित वर. मागून सलाइनची नळी निघते आणि या तिरक्या काचेच्या नळीत जाते, आत शाई घातलेलं पाणी.

तिरकी का? फटीपाशी हवा सेकंदाला साधारण 30 मीटरने येते, त्या वेगाचा दाब म्हणजे पाण्याची पन्नासेक मिलिमीटर उंची, ती उभ्या नळीतपण वाचता येते. पण मीटरभर पुढे वेग उरतो साधारण एक तृतीयांश, आणि दाब जातो वेगाच्या वर्गाने, म्हणजे नऊ पटीने कमी, पाणी चढतं जेमतेम 6 मिलिमीटर. उभ्या नळीत त्यात काय वाचणार? नळी दहास एक अशी आडवी केली की तेच 6 चे 60 होतात. एवढीच युक्ती. सुईचं भोक बारीक म्हणून पाणी जागेवर यायला वेळ लागतो, प्रत्येक आकड्याला अर्धा मिनिट थांबायचं, एका जागी चाळीस आकडे. या मुलीकडे बघा, ती काहीच करत नाहीये असं वाटेल. ती पाणी थांबायची वाट बघतेय.

[वहीचं पान, आकडे, वर पंख्याचा आवाज]

आकडे काय म्हणाले. फटीपासून मीटरभर अंतरावर सगळ्यात जास्त वेग पाटापासून सव्वा सेंटिमीटरच्या आसपास सापडला. त्याच्या वर वेग हळूहळू कमी होत जातो, अर्धा होतो तो 8 सेंटिमीटरच्या आसपास. खाली मात्र धाडकन कमी, पाटावर शून्य. म्हणजे एकाच झोतात दोन स्वभावाची हवा राहतेय. वरची बेफिकीर, मोकळ्या झोतासारखी, मोठमोठे भोवरे करत शांत हवा गिळणारी. खालची पातळ, भिंतीला घासणारी.

आणि भिंत नुसती घासत नाही, ती वरच्या हवेलापण आवरते. मोकळा सपाट झोत प्रत्येक मीटरला साधारण 10-11 सेंटिमीटर पसरतो (मधल्या रेषेपासून वेग अर्धा होतो तिथपर्यंत मोजलं तर), भिंतीलगतचा सव्वासातच्या आसपास. कारण एका बाजूने हवा मिळत नाही हे तर आहेच, शिवाय भिंतीजवळ भोवऱ्यांना वरखाली उसळायला जागा नाही.

जर्मनीत गटिंगेनला फोर्थमानने हे 1934 मध्ये मोजलं होतं. ग्लाउर्टने 1956 मध्ये त्याचं गणित मांडलं, 'वॉल जेट', म्हणजे भिंतीलगतचा झोत, हे नाव त्याच पेपरमुळे रुळलं. मग 1973, बंगलोर, आयआयएस्सी (भारतीय विज्ञान संस्था), रोद्दम नरसिंहा आणि सहकारी. त्यांचं म्हणणं फार सुंदर आहे, की झोत पुढे गेला की फट केवढी होती हे विसरतो, किती जोर घेऊन निघाला होता तेवढंच त्याच्या लक्षात राहतं. म्हणून आकडे फटीच्या मापाने न मांडता त्या जोराच्या मापाने मांडा, वेगवेगळ्या यंत्रांवरचे आकडे एका रेषेत यायला लागतात.

[पाषाण रोड, गेट, बाहेरून]

आणि हे पुणे. आयआयटीएम, मान्सूनचा अभ्यास करणारी संस्था. इथल्या मंडळींनी 2020 मध्ये याच झोताच्या वेगावर, त्याला कुठल्या फूटपट्टीने मोजायचं यावर पेपर काढला. नव्वद वर्षांपूर्वीचा विषय आणि लोक अजून फूटपट्टीच शोधतायत. आत शूटिंग झालं नाही म्हणून गेटच दाखवतोय.

[स्क्रीन रेकॉर्डिंग, रंगीत चित्र फिरतंय]

हे सिम्युलेशन, म्हणजे याच झोताचं कॉम्प्युटरवर गणित करून काढलेलं चित्र. रंगीत आहे, देखणं आहे, अर्ध्या तासात झालं. हवेच्या गरगरीचं गणित करणारं के-एप्सिलॉन नावाचं मॉडेल, कॉलेजात सगळ्यात आधी हेच शिकवतात. त्यात असं धरलेलं असतं की वेग जिथे कमाल तिथे थरांमधली ओढाताण शून्य. या झोतात तसं नसतं, वरचे मोठे भोवरे कमाल वेगाची रेषा ओलांडून खाली घुसतात आणि ओढाताणीचं शून्य भिंतीकडे सरकतं. बारीक तार तापवून, हॉटवायरने, अनेकांनी हे मोजलंय. आमच्याकडेपण हॉटवायर आहे, कपाटात, तार तुटलेली, नवीन तारेचा अर्ज दिलाय. मॉडेल हा झोत खऱ्यापेक्षा जास्त पसरवतं हे 1980 च्या दशकापासून लिहिलेलं आहे, तरी चित्र एवढं सुंदर येतं की कोणी वही काढत नाही.

[पाटावर टाल्कम पावडर, वरून शॉट]

हा माझा आवडता शॉट. फट काढून तिथे गोल पाइप लावला, पाटावर पावडर भुरभुरवली. आधी रांगोळी घेतली होती, ती जड, हलेना. आता ब्लोअर चालू… बघा. पंखा उघडावा तशी पावडर दोन्ही बाजूंना उडाली. गोल तोंडातून निघालेला झोत भिंतीवर आडवा जेवढा पसरतो त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढाच वर चढतो. मोकळ्या हवेत तो सगळीकडे सारखा पसरला असता. भिंतीजवळच्या उसळीला वर वाव नाही, त्यातून झोताच्या दिशेनेच पीळ घेतलेले भोवरे तयार होतात आणि ते हवा कडेला फेकतात. तीन वेळा केला हा शॉट, तिसऱ्या वेळी कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये पावडर गेली.

धुराचे जे लाटांसारखे गुंडाळे मगाशी दिसले ना, ते शूट करताना मात्र हवा मुद्दाम कमी केली होती, ब्लोअरच्या तोंडावर पुठ्ठा ठेवून. 30 मीटरच्या वेगाला फोनचा स्लो मोशन काही दाखवत नाही, नुसतं धुकं दिसतं.

[छत, एसीच्या जाळीभोवती काळे डाग]

उपयोग विचाराल तर तुमच्या डोक्यावरच. ऑफिसच्या छतातल्या एसीच्या जाळीभोवती हे काळपट डाग असतात ते बहुतेक वेळा एसीतल्या घाणीचे नसतात, झोत खोलीतली धूळ ओढून घेतो आणि छताला घासत नेतो. स्प्लिट एसीची पट्टी वर ठेवली की गार हवा छत धरून लांब जाते, पंखा कमी केला की ती छत सोडते आणि जवळ बसलेल्याच्या मानेवर पडते. जेट इंजिनच्या टर्बाइनची पाती अशाच थंड हवेच्या पातळ थराने झाकून वाचवतात. वादळी ढगातून हवेचा लोट खाली आपटून जमिनीला धरून पसरतो तोही याच जातीचा, 1975 ला न्यूयॉर्कला आणि 1985 ला डॅलसला उतरणारी विमानं त्यात सापडून पडली, हवामानशास्त्रज्ञ फुजिता यांनी त्याला मायक्रोबर्स्ट नाव दिलं. त्याचं फुटेज आपल्याकडे नाही.

[संध्याकाळ, वर्कशॉप, ट्यूबलाइट]

शेवटचा आकडा राहिलाय, सुई पाटाला टेकवून घ्यायचा. टेकली की नाही हे सुई आणि तिचं सनमायकात दिसणारं प्रतिबिंब एकमेकांना भेटतात त्यावरून ठरवायचं. मामा टॉर्च धरतायत. शाईचं पाणी अजून सरकतंय.

[ब्लोअर बंद. उदबत्तीचा धूर सरळ वर. 10 सेकंद, आवाज नाही]