बोलोन्या : पागोळ्यांच्या आतल्या बाजूने

(दृश्य : सकाळ. कमानींच्या कडेवरून गळणाऱ्या पागोळ्या. त्यांच्या आतल्या बाजूने चालणारी माणसं. काही क्षण फक्त पावसाचा आवाज.)

इटलीतला शेवटचा दिवस, नोव्हेंबर महिना, आणि पहाटेपासून लागलेली झड. दुसऱ्या एखाद्या शहरात असा दिवस उजाडला असता, तर म्युझियमची रांग धरायची की हॉटेलच्या खोलीत बसून बॅगा भरायच्या, एवढंच ठरवायचं उरलं असतं. आपण मात्र बोलोन्यात आहोत. इथे पावसाने कुणाचं फारसं अडत नाही. समोरून येणारे हे आजोबा बघा. काखेत वर्तमानपत्र, कोट कोरडा, बूटही कोरडे. हातात छत्री आहे, पण ती आज काठीचं काम करतेय.

वर बघा. डोक्यावर कुणाचं तरी घर आहे.

याला इथे पोर्तिको म्हणतात. रस्त्याच्या कडेने खांब आणि कमानी, वर लोकांच्या राहत्या खोल्या, खाली चालणाऱ्यांची वाट. एका घराचा पोर्तिको संपतो तिथे शेजाऱ्याचा सुरू होतो. शहरभर मिळून अशी छपराखालची वाट ६२ किलोमीटर भरते. २०२१ साली युनेस्कोने तिच्यातल्या निवडक भागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

सुरुवात तशी जागेच्या टंचाईतून झाली. बोलोन्याचं विद्यापीठ परंपरेने १०८८ सालचं मानलं जातं. युरोपभरातून विद्यार्थी येऊ लागले, कारागीर आले, व्यापारी आले. तटबंदीच्या आत जागा तेवढीच. मग घरमालकांनी वरचे मजले तुळया टाकून रस्त्यावर पुढे काढले. तुळया वाकायला लागल्या, म्हणून खालून लाकडी खांबांचे टेकू दिले. आजच्या भाषेत सांगायचं तर सरळसरळ अतिक्रमण! मध्ययुगात अशी वाढीव बांधकामं ठिकठिकाणी होत होती, आणि पुढे बहुतेक शहरांनी ती पाडून टाकली. बोलोन्याने उलटं केलं. १२८८ साली कायदाच केला की नवीन घर बांधायचं तर पोर्तिकोसकट बांधा, आणि जुन्या घराला नसेल तर काढा. उंची किती? किमान सात बोलोन्यी फूट, म्हणजे साधारण २ मीटर ६६ सेंटिमीटर. घोड्यावर बसलेला माणूस खालून जाऊ शकला पाहिजे, हा हिशोब.

आणि यातली खरी मेख पुढे आहे. जमीन घरमालकाची, दुरुस्ती घरमालकाच्या खर्चाने, चालायचा हक्क मात्र गावाचा. मालकी एकाची, वहिवाट सगळ्यांची. या शहरात चित्रं आहेत, पुतळे आहेत, चर्चेस तर पावलोपावली आहेत. पण आम्हाला विचाराल तर बोलोन्याची सगळ्यात मोठी कलाकृती म्हणजे हा नियम.

(दृश्य : स्त्रादा माज्जोरे. काझा इझोलानीचे उंच लाकडी खांब.)

१५६८ साली हुकूम निघाला, की लाकडी खांब काढून विटांचे किंवा दगडाचे घाला. तरीही काही लाकडी खांब वाचले. काझा इझोलानीचे हे ओकचे खांब तेराव्या शतकातले, जवळजवळ ९ मीटर उंच. वर छतात तीन बाण रुतलेत म्हणे. ते कसे रुतले, याची गोष्ट प्रत्येक गाइड रंगवून सांगतो. आत्तासुद्धा सात-आठ जण माना वर करून बाण शोधतायत. जाता जाता पायाखाली बघायला विसरू नका. इथली फरशी बारीक दगडी चुऱ्याची, घासून गुळगुळीत केलेली. ओले बूट घेऊन आत शिरलात की पाय सरकलाच समजा.

(दृश्य : दोन मनोरे. वर वेगाने सरकणारे ढग. गारिसेंदाभोवतीचा अडथळा.)

छप्पर संपतं ते इथे. छत्री उघडा. उंच मनोरा आसिनेल्ली, ९७ मीटर. शेजारचा बुटका, कललेला, तो गारिसेंदा, ४८ मीटर. कल जवळपास ४ अंश, म्हणजे पिसाच्या मनोऱ्याइतकाच. हा पूर्वी आणखी उंच होता. चौदाव्या शतकात धोका वाटला म्हणून वरचा भाग उतरवला. ऑक्टोबर २०२३ पासून त्याची तब्येत पुन्हा बिघडली. भोवती अडथळा उभा केलाय, मजबुतीचं काम सुरू आहे, आणि त्यामुळे शेजारच्या आसिनेल्लीवरही चढता येत नाही.

चढता येत नाही तर नाही. त्यापेक्षा गारिसेंदा जिकडे झुकलाय त्या बाजूला उभं राहून वर बघा. ढग कलाच्या उलट दिशेने सरकला, की मनोराच अंगावर येतोय असं वाटतं. दान्तेने ‘इन्फेर्नो’च्या एकतिसाव्या सर्गात खाली वाकणाऱ्या राक्षसासाठी हीच उपमा वापरली आहे. निरभ्र दिवशी हा अनुभव मिळणार नाही. त्याला असंच आभाळ लागतं.

(दृश्य : क्वाद्रिलातेरोच्या अरुंद गल्ल्या. मासळी, भाज्या, टांगलेले हॅम. काचेआड भली मोठी मोर्तादेल्ला.)

आता पोटाकडे वळू. मुख्य चौकाला लागून असलेल्या या गल्ल्यांना क्वाद्रिलातेरो म्हणतात. मध्ययुगापासूनचा बाजार. गल्ल्यांची नावं सोनारांची, कापडवाल्यांची, जुन्या मासळीबाजाराची. पावसामुळे ताडपत्र्या खाली ओढल्यात, आणि त्यांच्या घडीत साचलेलं पाणी दुकानदार काठीने वर ढकलून रस्त्यावर सांडतोय. कुणाच्या डोक्यावर पडतंय, याची त्याला फिकीर नाही.

ही मोर्तादेल्ला, म्हणजे इथलं जाडजूड सॉसेज. डुकराचं मांस लोण्यासारखं बारीक वाटायचं, त्यात गळ्याकडच्या टणक चरबीचे चौकोनी तुकडे घालायचे, मिरी घालायची आणि गरम हवेच्या भट्टीत संथपणे शिजवायचं. ती कशी करावी आणि कुणी करावी, याचा फतवा इथल्या कार्डिनलने १६६१ साली काढला होता. यंत्रावर कापलेला काप इतका पातळ पडतो, की कागदावर ठेवताना त्याची आपोआप चुणी होते. दुकानदार तो कागद घडी घालून हातात देतो.

तो घेऊन जायचं कुठे? शेजारच्या बोळात, ओस्तेरिया देल सोले. १४६५ पासूनचा गुत्ता. इथे फक्त प्यायला मिळतं. खाणं ज्याने त्याने बाजारातून आणायचं, टेबलावर पसरायचं. शेजारच्या टेबलावरच्या कॉलेजच्या पोरांनी पाव, चीज आणि आर्टिचोक मांडलेत. वाइन इथलीच, पिन्योलेत्तो. बाहेर पाऊस, आत गलका. तासभर सहज जातो.

(दृश्य : लाकडी फळीवर पिवळीधमक पोळी लाटणारे हात. जवळून.)

पण बोलोन्याचं खरं कसब बघायचं तर या खिडकीशी थांबा. या बाईंना स्फोलिना म्हणतात. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, बाकी काही नाही. लाटणं जवळजवळ हातभर लांब. पोळी लाटताना त्या ती लाटण्यावर गुंडाळतात, तळव्याने बाहेरच्या बाजूला ताणतात, उलगडतात, पाव फेरा फिरवतात आणि पुन्हा गुंडाळतात. फळीवर घासल्याचा सर्र, सर्र आवाज. पोळी इतकी पातळ हवी, की उजेडासमोर धरली तर तिच्यातून टेकडीवरचं सान लूका चर्च दिसलं पाहिजे, असं इथे म्हणतात. आज ते पोळी न धरताही दिसत नाहीये.

मग त्याच पोळीचे दोन बोटं रुंदीचे चौकोन. प्रत्येकावर हरभऱ्याएवढं सारण. चौकोनाचा त्रिकोण, त्रिकोण बोटाभोवती, टोकाला टोक दाबायचं, झालं तोर्तेल्लिनो. तुम्ही वाक्य पूर्ण करेपर्यंत बाईंचे पाच होतात. सारणात काय असावं, हे १९७४ साली इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवून ठेवलंय : डुकराचं मांस, प्रोशुत्तो हॅम, मोर्तादेल्ला, पार्मिजानो चीज, अंडं, जायफळ. खायचं ते ब्रोदोत, म्हणजे कोंबडी आणि बीफच्या निथळ सुपात. क्रीम घालून मागितलंत तर वेटर आणून देईल, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघू नका.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. तोर्तेल्लिनीची थोरली बहीण, तोर्तेल्लोनी, मागवा. आत रिकोत्ता चीज, वर लोणी आणि सेजची पानं. फक्त एक लक्षात असू द्या. पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधीच सांगितलेलं बरं.

(दृश्य : पियाझ्झा माज्जोरे. सान पेत्रोनियोचा अर्धवट दर्शनी भाग : खाली संगमरवर, वर उघड्या विटा.)

मुख्य चौक, आणि १३९०मध्ये सुरू होऊन अजूनही दर्शनी भाग पूर्ण न झालेलं हे सान पेत्रोनियो चर्च. आत डाव्या बाजूच्या फरशीवर पितळेची एक लांबलचक रेघ आहे, ६७ मीटरच्या आसपास. खगोलशास्त्रज्ञ कासिनीने १६५५ साली आखलेली. छताला बारीकसं भोक आहे. त्यातून येणारा सूर्याचा कवडसा रोज माध्यान्ही या रेघेवरून जातो. उन्हाळ्यात भोकाच्या जवळ, हिवाळ्यात लांब दरवाज्याकडे. एक अख्खं देवालय दुर्बिणीसारखं वापरायची ही कल्पना. आज कवडसा नाही. तरी बारा वाजता रेघेपाशी पाच-सहा माणसं आशेने उभी आहेतच.

जवळच आर्किजिन्नाझिओ, विद्यापीठाची जुनी इमारत. तिथलं शवविच्छेदनाचं लाकडी सभागृह १६३७चं. १९४४च्या बॉम्बहल्ल्यात त्याचा चुरा झाला, आणि सापडलेले तुकडे वेचून ते पुन्हा उभारलं. अंगावर कातडी नसलेले दोन लाकडी पुतळे प्राध्यापकांच्या आसनाच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत. जेवणाच्या आधी बघू नका.

(दृश्य : पोर्ता सारागोझ्झा, शहराची जुनी वेस. एकामागोमाग एक कमानी, शेवट दिसत नाही.)

दुपारचे तीन. उजेडाचे दोनेक तास शिल्लक आहेत. सकाळपासून ज्या पावसाला चुकवतोय, त्याच्या गोष्टीकडे आता चालत जायचं.

१४३३ साली बोलोन्यात असाच पाऊस लागला होता, तोही वसंतात सुरू होऊन थांबायचं नाव न घेणारा. उभी पिकं सडायला लागली. आपल्याकडे पाऊस यावा म्हणून धोंडी निघते. इथे तो जावा म्हणून लोकांनी टेकडीवरच्या मठातली मेरीची तसबीर मिरवत गावात आणली. ती संत लूकने स्वतः रंगवली, अशी श्रद्धा. तसबीर वेशीतून आत आली आणि पाऊस थांबला, असं सांगतात. तेव्हापासून ती दरवर्षी गावात येते. पण येता-जाता भिजणार, चिखल तुडवणार. मग १६७४ साली ठरलं, की टेकडीपर्यंत छप्परच घालू.

हे ते छप्पर. ३.८ किलोमीटर, ६६६ कमानी. पैसा कुणी एकाने दिला नाही. श्रीमंत घराण्यांनी दिला, कारागिरांच्या संघांनी दिला, नोकरमाणसांनीही वर्गणी काढली. कुठली कमान कुणाची, ते भिंतीवर कोरलेलं सापडतं. १६७७च्या ऑक्टोबरमध्ये तर गावापासून टेकडीपर्यंत माणसांची साखळी लागली आणि हातोहात बांधकामाचं सामान वर गेलं.

पहिला भाग सपाट. मेलोन्चेल्लोची ही डौलदार कमान रस्ता ओलांडून गेली, की चढ सुरू होतो. पायऱ्या, मग उतरती फरशी, पुन्हा पायऱ्या. शेजारच्या रस्त्याने एक सायकलवाला दात-ओठ खात वर चाललाय, पार चिंब. २०२४ची तूर द फ्रान्स याच चढावरून गेली होती. आपण कोरडे आहोत, पण धाप सारखीच लागलीय. खाली उतरणाऱ्या एक आजी थांबून हाताने खूण करतात : अजून बरंच आहे.

(दृश्य : सान लूका. धुक्यात हरवलेला घुमट. आत, चांदीच्या पत्र्याआडून दिसणारा मेरीचा काळपट चेहरा.)

वर आलो. एरवी इथून शहर आणि डोंगररांगा दिसतात म्हणे. आज दहा पावलांवरचा कठडाही धूसर आहे. आत, वेदीच्या मागे जिना चढून गेलं की तसबीर. चांदीच्या पत्र्याने मढवलेली, फक्त चेहरे उघडे. दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास ती आठवडाभरासाठी खाली शहरात येते. आणि गंमत अशी, की मेरी खाली उतरली की हमखास पाऊस पडतो, असं आता बोलोन्याचेच लोक सांगतात.

(दृश्य : रात्र. खानावळ. वाफाळती तालियातेल्ले.)

जेवायला तालियातेल्ले अल रागू, म्हणजे मांसाच्या दाट रश्शातल्या पास्त्याच्या पट्ट्या. स्पॅगेटी बोलोनीज नावाचा पदार्थ बोलोन्याच्या घरात शिजत नाही. त्या रश्शाला रुंद पट्टी लागते, म्हणजे तो धरून राहतो. रुंदी किती? शिजल्यावर ८ मिलिमीटर. १९७२ साली नोंदवलेलं माप. पुराव्यादाखल चेंबर ऑफ कॉमर्समध्ये सोन्याची एक पट्टी ठेवलेली आहे. आणि हे ८ मिलिमीटर म्हणजे आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग, हेही कुणीतरी गंभीरपणे मोजून ठेवलंय. रागू मात्र कमी टोमॅटोचा, तांबूस-तपकिरी. गाजर, सेलरी, कांदा, बीफ, पान्चेत्ता म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, वाइन आणि थोडं दूध. तासन्‌तास मंद आचेवर.

उद्या सकाळची फ्लाइट. स्टेशनवरून मोनोरेल सात-आठ मिनिटांत विमानतळावर सोडते. बॅगेत वाळवलेल्या तालियातेल्लेची दोन पाकिटं आहेत. मोर्तादेल्ला भारतात नेता येत नाही. म्हणून स्टेशनसमोरच्या दुकानातून सकाळी आणखी एक पाव भरून घ्यायचा, आणि तो गाडीतच संपवायचा, असं ठरलंय.