वाऱ्यासमोरची भिंत

रायगडच्या किनाऱ्यालगत, नारळी-पोफळीच्या वाडीच्या कडेने, सिमेंटच्या पोकळ ब्लॉकची ही कुंपणभिंत उभी राहते आहे. याच किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आदळले, तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी १२० किलोमीटरपर्यंत पोहोचले होते. त्या वेगाचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे ६८ किलोचा दाब देतो. दहा मीटर लांब आणि दीड मीटर उंच भिंतीवर हा भार एक टन होतो, आणि तो वरून नव्हे, आडवा येतो.

वरचे ओझे ब्लॉक सहज पेलतो. आडव्या रेट्याने मात्र भिंत पलीकडच्या तळकडेवर कलू पाहते आणि वाऱ्याकडच्या बाजूने पायथ्याचा सांधा उघडू लागतो. तो मिटलेला ठेवायला भिंतीचे वजन आणि मालाची, म्हणजे ब्लॉक जोडणाऱ्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणाची पकड, एवढेच असते. पकडीवर विसंबता येत नाही आणि वीस सेंटिमीटर जाडीच्या पोकळ भिंतीचे वजन अशा वाऱ्याला पुरत नाही. उंची दुप्पट केली, तर उलथवणारा जोर चौपट होतो; ‘अजून दोन थर चढवा’ म्हणणाऱ्या मालकाला हे सहसा पटत नाही.

पाया आधीच भरून झाला आहे. त्यातून वर आलेल्या उभ्या सळईत गवंडी ब्लॉक ओवतो आहे. पोकळीत सांडलेला माल तो दर थराला खरवडून काढतो, कारण तिथे गोळा अडकला तर वरून ओतलेले काँक्रीट तळापर्यंत उतरत नाही आणि सळई नुसती नावापुरती राहते. आता बारीक खडीचे पातळसर काँक्रीट ओतून ते टोचत टोचत भरले जात आहे. ते कडक झाले की सळई आणि ब्लॉक एकजीव होतात आणि सांध्यावरचा ताण सळई घेते. दर तीन मीटरवर पिलर आहेत. सांधेमोड, म्हणजे खालच्या-वरच्या थरांतले उभे सांधे एका रेषेत न येऊ देणे, नीट साधली असेल, तर मधली भिंत आपला भार त्यांच्याकडेही सोपवते.

सळईविना बांधलेल्या भिंती वादळात आडव्या होतात आणि आडोशाला थांबलेली माणसे त्यांखाली सापडतात.

दिवस मावळतो आहे. ओल्या मालाची भिंत साध्या वाऱ्यानेही ढळू शकते, म्हणून घरी जाण्यापूर्वी गवंडी तिला दोन्ही बाजूंनी बांबूचे टेकू देतो आहे.