पाठीवरचे निळे डाग

ही भिंत बघा. पाच आठवडे माझ्या खोलीची भिंत अशीच होती. डावीकडे बारा नावं, वरती वेळा, संध्याकाळी सातपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत, आणि प्रत्येक चौकोनात तो माणूस तेव्हा खरंच कुठे होता आणि विचारलं तर काय सांगणार. खुनाचा खेळ, म्हणजे मित्रांनी पात्रं होऊन खुनी शोधायचा खेळ, रचायचा तर माझ्या मते सुरुवात इथूनच करावी, आधी खून पक्का करायचा आणि मग तिथून मागे मागे यायचं.

क्लूडो, तो खुनी शोधायचा पट आणि पत्त्यांचा खेळ, बऱ्याच जणांनी खेळलेला असेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अँथनी प्रॅट नावाच्या इंग्लिश वादकाने तो तयार केला आणि १९४९ मध्ये तो बाजारात आला. ६ संशयित, ६ हत्यारं, ९ खोल्या, म्हणजे ३२४ उत्तरं शक्य आणि त्यातलं एक पाकिटात बंद. पण तिथे खून का झाला हे विचारायची गरजच पडत नाही, पत्तेच ठरवतात ना. जिवंत माणसं पात्र होऊन समोर उभी राहिली की पहिला प्रश्न तोच येतो, का मारलं? तिथेच मी अडकलो आणि मित्रांना हाक मारली.

आमच्या गोष्टीत मेलेला माणूस एका नाटक कंपनीचा मालक. सकाळी साडेनऊला तो तालमीच्या खोलीत पालथा पडलेला सापडतो, डोक्याला मागून मार. सगळे संशयित आपापली सकाळ सांगतात कारण सगळ्यांना वाटतं खून सकाळी झालाय. माझ्याकडे एवढंच होतं. मग आमच्यातली एक मैत्रीण, ती नर्स आहे, तिने विचारलं की याची पाठ कशी दिसतेय? मला कळेना. ती म्हणाली, अरे हृदय थांबलं की रक्त फिरत नाही, शरीराचा जो भाग खाली असतो तिकडे ते उतरतं आणि कातडी निळी-जांभळी पडते, जिथे हाड जमिनीवर दाबलेलं असतं तेवढी जागा मात्र पांढरट राहते. साधारण आठ ते बारा तासांत तो रंग पक्का होतो, मग मुडदा उलटा केला तरी डाग हलत नाहीत.

मला त्या रात्री झोप लागली नाही. माणूस पालथा आहे आणि डाग पाठीवर आहेत, म्हणजे तो रात्रभर उताणा होता, म्हणजे खून काल रात्रीचा, म्हणजे सकाळचे सगळे जबाब बिनकामाचे! मग सकाळी त्याला उलटं कोणी केलं? मागच्या खिशात तिजोरीची किल्ली होती, ती काढायला कोणीतरी आलं. असे दोन वेगळे माणूस झाले, रात्रीचा खुनी आणि सकाळचा चोर, आणि चोर घाबरून गप्प. आख्खी गोष्ट एका प्रश्नातून उभी राहिली.

नियम एकच कडक ठेवला. खोटं फक्त खुन्याने बोलायचं. बाकीच्यांनी लपवावं, टाळावं, विषय बदलावा, पण त्यांना पात्राची माहिती म्हणून दिलेल्या पाकिटात लिहिलेल्या गोष्टीबद्दल सरळ विचारलं तर खरं सांगायचं. हे नसेल तर कुणाच्याच बोलण्याला किंमत उरत नाही आणि खेळ नुसता गोंगाट होतो.

रक्तासाठी ग्लिसरीन, लाल रंग आणि चिमूटभर कोको पावडर, कारण वाळलेलं रक्त लालभडक नसतं, तपकिरी पडतं. पाठीवरचा मेकअप त्या नर्स मैत्रिणीने केला, खवाट्यांच्या जागा मुद्दाम पांढऱ्या सोडल्या. इतकं खरं दिसत होतं की मला वाटलं आता काम झालं.

पहिल्या टेस्टला कुणीही त्याची पाठ बघितली नाही. दोन तास! शर्ट नीट खोचलेला आणि मुडदा म्हणून आपला मित्र पडलाय, त्याचा शर्ट वर करायला हात कोण लावणार? हे भिंतीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते माणसं खेळताना बघूनच कळतं, आणि म्हणून टेस्ट अशाच मित्रांसोबत करावी ज्यांना गोष्ट अजिबात माहीत नाही.

मग आम्ही त्याच गोष्टीकडे जाणाऱ्या तीन वाटा केल्या. एक, शर्ट पाठीवर फाटलेला, त्यातून डाग दिसतात. दोन, शर्टाच्या मागच्या बाजूला जमिनीची धूळ. तीन, डॉक्टरचं पात्र घेतलेल्या मुलीच्या पाकिटात या डागांची माहिती, पण कुणी विचारलं तरच सांगायची. तीनपैकी एक तरी सापडतोच. आणि तीन तास निपचित पडणं कुणालाच जमत नाही, म्हणून वीस मिनिटांनी मुडद्याचे फोटो टेबलावर ठेवायचे, जमिनीवर टेपने आकृती करायची आणि तोच मित्र कपडे बदलून इन्स्पेक्टर म्हणून परत येणार. ही कल्पना त्याचीच.

आता हे फुटेज खऱ्या खेळाच्या रात्रीचं आहे. चोर झालेल्या मित्राला सगळ्यांनी घेरलंय, किल्ली त्याच्याकडे सापडलीय, तो म्हणतोय मी नाही मारलं, आणि कुणीच ऐकत नाहीये. मी कोपऱ्यात उभा आहे, मला बोलायची परवानगी नाही. कोपऱ्यातली ती निळ्या ओढणीवाली बघा, ती कधीपासून एकच फोटो हातात घेऊन बसलीय.

ती डॉक्टरकडे वळते. "हा पालथा पडलाय ना? मग पाठ का काळीनिळी आहे?"

डॉक्टर सांगायला लागते, आणि खोलीतला आवाज हळूहळू बंद होतो. मग एकेक जण वही उघडतो, सकाळचं पान उलटतो आणि रात्री आठचं पान काढतो.